राज्यशास्त्र कशासाठी शिकावयाचे?

येरवड्याच्या गाडीतळाजवळ आमच्या युनियनची एक लहानशी खोली आहे. गेल्या उन्हाळ्यात एक जुना सभासद आपल्या मुलीला घेऊन तेथे आला. मुलगी चांगल्या गुणांनी बी. ए. झाली होती आणि राज्यशास्त्र घेऊन विद्यापीठात एम. ए. करावे असा तिचा हट्ट होता. बापाच्या ओळखीने एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम तिला मिळत होते. ते धरावे आणि पुढे लग्नाचे पाहावे, असा घरचा विचार.

"भाऊ, तुम्हीच हिला दोन शब्द सांगा," तो म्हणाला. "नर्सिंग म्हणाली असती तर मी कर्ज काढलं असतं. पण राजकारण शिकून ही करणार काय? आपल्या वॉर्डातले पुढारी काय विद्यापीठात जाऊन झाले?"

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, मला पुढारी व्हायचं नाही. हे सगळं चालतं कसं, ते मला समजून घ्यायचंय."

आम्ही त्यांना आठवड्याने यावयास सांगितले. खरे सांगावयाचे तर आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. आम्ही स्वतः कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण रात्रीच्या वाचनात, कामगारांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्यात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. विद्यापीठातील राज्यशास्त्राविषयी आमच्या मनात काहीशी अढीच होती. त्या आठवड्यात आम्ही ती अढी तपासून पाहिली. बापलेकीला जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. राजकारण आणि राज्यशास्त्र या दोन गोष्टी एक नव्हेत. रोज एस. टी.ने प्रवास करणाऱ्याला तिचे इंजिन ठाऊक असतेच असे नाही. तसेच निवडणुका लढविणाऱ्याला राज्ययंत्राची रचना ठाऊक असतेच असे नाही. विद्यापीठात या विषयाचे साधारणपणे चार-पाच भाग शिकवितात. राज्य कशासाठी असते, स्वातंत्र्य, समता व न्याय म्हणजे काय, हा राजकीय विचारांचा भाग. आपली राज्यघटना, पक्ष, निवडणुका आणि जातिवर्गांचे राजकारण हा दुसरा. निरनिराळ्या देशांच्या राज्यपद्धतींची तुलना हा तिसरा. कचेऱ्यांचा कारभार कसा चालतो ते लोकप्रशासन. आणि देशादेशांमधील युद्ध, तह, व्यापार, जागतिक संस्था यांचा अभ्यास म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध.

ही नावे ऐकून सामान्य माणूस दबतो. दबण्याचे कारण नाही. आमच्या समजुतीप्रमाणे या सर्व भागांच्या मुळाशी चारच प्रश्न आहेत. निर्णय कोण घेतो? तो कोणाच्या नावाने घेतो? कोणत्या नियमाने घेतो? आणि तो पटला नाही तर दाद कोठे मागावयाची? हे प्रश्न सुटले की राज्यशास्त्र संपले असे नव्हे. पण हे ज्याला विचारता येत नाहीत तो कितीही हुशार असला तरी फसतो. हे आम्ही पुस्तकावरून सांगत नाही, स्वतःच्या फजितीवरून सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा तीन वर्षांचा करार झाला. कारखान्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण चूक आमची होती. अकरा रात्री वाटाघाटी चालल्या. पगारवाढ अपेक्षेहून चांगली मिळाली आणि वर उत्पादनावर बोनस मिळावयाचा होता. पेढे वाटले गेले. बोनससाठी किती उत्पादन धरावयाचे, हे सहा जणांच्या समितीने ठरवावयाचे होते. तीन आमचे, तीन त्यांचे. आम्हांला ते बरोबरीचे वाटले. पण पुढल्या दोन ओळी आम्ही नीट वाचल्या नव्हत्या. अध्यक्ष व्यवस्थापनाचा राहणार होता आणि समसमान मते पडल्यास त्याचे मत निर्णायक होते. शिवाय आमचे तिघे आम्ही दिलेल्या नावांतून निवडण्याचा अधिकारही व्यवस्थापनाकडेच होता. सहा महिन्यांत उत्पादनाचा आकडा इतका वर गेला की बोनस कोणाच्याच हाती लागेना. करार दोघांवरही बंधनकारक असल्याने त्याच मुद्द्यावर मुदतीत संपही करता येईना. माणसे संतापली, काही युनियन सोडून गेली. आम्ही रुपये मोजले होते. निर्णय कोण घेणार, हे मोजले नव्हते.

पुढे पुणे कराराचे कलमवार वाचन केले, तेव्हा आम्हांला या फजितीची आठवण झाली. कोठे एका कारखान्यातील बोनस आणि कोठे कोट्यवधी माणसांच्या मानाचा प्रश्न! दोहोंची बरोबरी आम्ही करीत नाही. पण विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. आणि ज्या कराराच्या वाटाघाटी आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर झाल्या, तो आम्ही येरवडेकरांनी तरी नीट वाचावा की नाही? तुरुंगाच्या भिंतीवरून रोज कामावर जाणाऱ्यांना विचारले तर बहुतेकांस 'गांधीजींचा उपास' एवढेच ठाऊक असते.

हकीकत थोडक्यात अशी. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्य वर्गासाठी ७१ जागा होत्या. या जागांसाठी त्या वर्गाच्या मतदारांनीच मत द्यावयाचे होते, आणि त्याखेरीज सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत राहणार होते. म्हणजे मते दोन. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. स्वतंत्र मतदारसंघाने हिंदू समाज कायमचा दुभंगेल, असे त्यांचे मत होते. २० सप्टेंबरला त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे की, ज्यांना गावात पाणवठ्यावर येऊ दिले जात नाही, त्यांचा प्रतिनिधी इतरांच्या मर्जीने निवडला जाऊ नये. एकीकडे एका महापुरुषाचा प्राण, दुसरीकडे एका समाजाचा हक्क. अशा पेचात तुरुंगाच्या आवारात बोलणी चालली आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी करारावर सह्या झाल्या.

आता आपले चार प्रश्न लावून पाहू. आकडा पाहिला तर जागा ७१ वरून १४८ झाल्या. मद्रास ३०, बंगाल ३०, संयुक्त प्रांत २०, मध्य प्रांत २०, बिहार व ओरिसा १८, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८, आसाम ७. मध्यवर्ती कायदेमंडळातील ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के जागा राखून ठेवल्या. ही मोठी जोड झाली. पण निवडणार कोण? राखीव जागेसाठी त्या वर्गाच्या मतदारांनी आधी चार उमेदवारांची यादी निवडावयाची, आणि त्या चौघांतून एकाला सर्व हिंदू मतदारांनी मिळून निवडावयाचे. पहिल्या फेरीत आपल्या समाजाची सर्वांत अधिक मते मिळविणारा माणूस दुसऱ्या फेरीत हरू शकत होता. दोन मतांपैकी स्वतंत्र मत गेले, जागा दुपटीहून अधिक झाल्या. सौदा लाभाचा की तोट्याचा? डॉ. आंबेडकरांनी स्वतःच पुढे, १९४५ च्या आपल्या ग्रंथात, या पद्धतीवर कठोर टीका केली आणि १९४७ च्या निवेदनात स्वतंत्र मतदारसंघाची मागणी पुन्हा मांडली. राज्यघटनेत राखीव जागा राहिल्या, स्वतंत्र मतदारसंघ आला नाही. या प्रश्नावर विद्वानांत आजही मतभेद आहेत. विद्यार्थ्याने कोणाची बाजू घ्यावी हे आम्ही सांगणार नाही. बाजू घेण्यापूर्वी कलम वाचावे, एवढेच आमचे मागणे.

'कोणाच्या नावाने' हा प्रश्नही येथे फार बोलका आहे. ज्यांच्या उपोषणामुळे करार झाला त्या गांधीजींची सही करारावर नाही. सवर्ण हिंदूंच्या वतीने पंडित मालवीय आदी मंडळींनी सह्या केल्या. दलितांच्या वतीने डॉ. आंबेडकर, श्रीनिवासन, राजा यांच्या सह्या आहेत, आणि पुण्यामुंबईच्या मैदानावर गाजलेले क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचीही आहे. शिवाय सह्या झाल्या म्हणून काम संपले नाही. मजकूर तारेने लंडनला गेला. तेथील मंत्रिमंडळाने तो मान्य केला तेव्हा, म्हणजे २६ सप्टेंबरला, उपोषण सुटले. बोलणी येरवड्यात, पण शेवटचा शब्द लंडनचा. सार्वभौमत्व म्हणजे काय, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

शिकण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या बापाला आम्ही आणखी एक गोष्ट दाखविली. त्या मेजाशी बसलेले डॉ. आंबेडकर तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. मतदारसंघ, लोकसंख्या, जागा हे विषय त्यांना त्या आठवड्यात प्रथम भेटलेले नव्हते. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास शिकले. पुढे लंडनला शिकले. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे दिली, मग गोलमेज परिषदेत बाजू मांडली. एवढा दाब असतानाही ७१ चे १४८ झाले, त्यामागे हा अभ्यास उभा होता. नुसती तळमळ घेऊन कोणी त्या खोलीत गेला असता तर काय घेऊन परतला असता, याचा विचार करावा.

त्या करारावर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचीही सही आहे. १९३० च्या जुलै-ऑगस्टमध्येही सर तेजबहादूर सप्रू यांच्यासह तडजोडीसाठी ते येरवड्याच्या तुरुंगात आले होते. ती बोलणी फसली. हेच जयकर १९४९ मध्ये सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. २०१४ पासून ते विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या ग्रंथालयाला जयकरांचे नाव आहे. तुरुंगातील मेजावर वाटाघाटी करणारा माणूस विद्यापीठ उभारावयास गेला, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. येरवड्यात तर विद्या आणि तुरुंग शेजारीच आहेत. टिळक व आगरकर ज्या डेक्कन कॉलेजात शिकले ते येथेच. आणि १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेतील काही काळ टिळकांनी काढला तो तुरुंगही येथेच.

"पण भाऊ," बापाने विचारले, "आंतरराष्ट्रीय कशाला? आपला अमेरिकेशी काय संबंध?" हा प्रश्न आम्हांला सभांतून नेहमी येतो. उत्तर घड्याळात आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. सरकार, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधी जेथे एकत्र बसतात अशी ती संस्था. तिची पहिली परिषद त्याच वर्षी वॉशिंग्टनला भरली. तेथे हिंदी कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे ते कार्यकर्ते. परिषदेने दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असा ठराव केला, पण हिंदुस्थानसाठी सवलत म्हणून आठवड्याला साठ तास धरले. त्यामागोमाग १९२२ मध्ये येथील कारखाना कायद्यात साठ तासांची मर्यादा आली, आणि अठ्ठेचाळीस तास यावयास १९४६ उजाडले. गिरणीच्या भोंग्याची वेळ सातासमुद्रापलीकडच्या एका सभागृहात ठरत होती. त्या परिषदेला पाठवावयाचा प्रतिनिधी कामगारांनीच निवडावा, सरकारने नव्हे, ही निकड हे ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक स्थापन होण्याचे एक प्रमुख कारण होते. पुन्हा तोच प्रश्न, कोणाच्या नावाने कोण बोलणार? योगायोग असा की, आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले विद्यापीठीय अध्यासन वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे १९१९ मध्येच सुरू झाले. युद्धात कोट्यवधी माणसे मेली अथवा पंगू झाली. ती का, हे कोणीतरी रीतसर शिकले पाहिजे, या जाणिवेतून तो विषय जन्मला.

दुसरे उदाहरण आमच्या वडील पिढीच्या आठवणीतले. १९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांत तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. महागाई भडकली. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. देशभर असंतोष वाढत गेला. त्यात न्यायालयाच्या निकालाची आणि पक्षीय राजकारणाची भर पडली. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि येरवड्याचा तुरुंग पुन्हा राजबंद्यांनी भरला. सर्व कारणे युद्धातच होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दूर वाळवंटात झडलेल्या लढाईची झळ येरवड्याच्या चुलीपर्यंत कशी पोहोचते, हे दुवा दुवा जोडून दाखविणे, आणि कोणता दुवा पक्का व कोणता कच्चा ते सांगणे, हेच या शास्त्राचे काम.

आजचेही पाहा. संघटना स्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटी यांविषयीचे मजूर संघटनेचे दोन मूलभूत करार, १९४८ चा ८७ क्रमांकाचा आणि १९४९ चा ९८ क्रमांकाचा, भारताने अद्याप मान्य केलेले नाहीत. सरकारी नोकरांवरील निर्बंध हे त्याचे कारण सांगितले जाते. इकडे २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने २९ कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता संमत केल्या. त्या बऱ्या की वाईट, यावर आमची मते ठाम आहेत आणि ती आम्ही सभांतून सांगतोच. पण कायदा संसदेत होतो, नियम कचेरीत होतात, आणि कामगार विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्र व राज्य दोघांचाही त्यात हात असतो, हे आमच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? ठाऊक नसेल तर मोर्चा भलत्याच दारावर जातो. गेलेला आम्ही पाहिला आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एम. ए. झाल्याबरोबर नोकरी दारात उभी राहील, असे खोटे आश्वासन आम्ही त्या बापाला दिले नाही. स्पर्धा परीक्षा, अध्यापन, वृत्तपत्रे, संशोधन, सामाजिक संस्था अशा वाटा आहेत. त्यांवर गर्दीही आहे. चांगले ग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि वस्तीतील मुलाला पहिले वर्ष त्या भाषेशी झुंजण्यातच जाते. त्यावर उपाय मराठीतून पाया घालणे हाच. य. दि. फडके यांनी विसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास अनेक खंडांत मराठीत लिहून ठेवला आहे. पुणे विद्यापीठात शिकविणारे राम बापट आयुष्यभर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांना जात राहिले. त्याच विद्यापीठातील राजेंद्र व्होरा यांनी १९२० ते १९२४ च्या मुळशी सत्याग्रहावर ग्रंथ लिहिला. धरणाखाली जमिनी गेलेल्या मावळ्यांची कैफियत हाही राज्यशास्त्राचा विषय होतो, हे त्यांनी दाखविले. विद्यापीठाच्या भिंती आम्ही समजत होतो तितक्या उंच नाहीत.

आणि एक दोष आम्हां चळवळीतल्या माणसांचा. अनुभव आहे म्हणजे ज्ञान आहे, असे आम्ही धरून चालतो. पंचवीस वर्षे वाटाघाटी केल्या, मग पुस्तक कशाला? त्या सहा जणांच्या समितीने आमचा हा गर्व उतरविला. उलट, नुसते पुस्तक वाचणाऱ्याला रात्रीच्या पाळीहून आलेल्या माणसाचा थकवा कळत नाही. दोघांनी एकमेकांकडे गेले पाहिजे.

आठवड्याने बापलेक आली तेव्हा आम्ही हे सारे सांगितले आणि तो जुना करार मुलीच्या हाती दिला. समितीचे कलम आम्ही मुद्दाम सांगितले नाही. तिने दोन्ही पाने सावकाश वाचली आणि विचारले, "काका, समितीत तुमची तीन माणसं कोण निवडणार, ते व्यवस्थापनानं ठरवायचं? मग ती तुमची कशी?"

बाप आमच्याकडे पाहू लागला. त्या करारात त्याचाही बोनस गेला होता.

मुलीने प्रवेश घेतला आहे. सकाळी गणेशखिंडीला जाते आणि संध्याकाळी त्याच दुकानात दोन तास हिशेब लिहिते. अशी तडजोड बापलेकींनी आपसांत केली, त्यात आमचा हात नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती आमच्या खोलीत येते. पुणे करार आम्ही तिच्याकडून कलमवार वाचून घेतला. आता राज्यघटनेचा तिसरा भाग चालू आहे. पंधरा-वीस माणसे जमतात, निम्म्या बायका असतात, वादही होतात. ज्यांच्या घरी अशी शिकू पाहणारी मुलगी असेल त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, तिला अडविण्यापूर्वी आपल्या पेटीतला एखादा सहीचा कागद तिच्याकडून एकदा वाचून घ्यावा.